सातव्यांदा पहिली भेट

अन्याय झाला तो एका बाईवर. कधी? गेल्या वर्षी, कालीपूजेनंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी पावणेअकरा वाजता. कुठे? कोलकात्याच्या सियालदह स्टेशनातून दक्षिणेला जाणाऱ्या गाडीने दीड तास आणि पुढे बॅटरीच्या रिक्षाने अर्धा तास, अशा एका गावात, तिच्याच घराच्या ओसरीवर. कुणी केला? मी. कोरी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, शिकवलं होतं तशी मान जरा कलती केली आणि विचारलं, "तुम्हाला काय त्रास होतो?"

तिला हा प्रश्न विचारणारी मी सातवी होते.

गावाचं नाव लिहीत नाही, तिचंही नाही. तिला विचारून लिहिते आहे. तिने एक अट घातली: "पुकुरचं पुन्हा सगळं लिहू नका, दिदिमणी. ते पुष्कळ जणींनी लिहून नेलंय." पुकुर म्हणजे तळं. तिकडे ते घराच्या पायरीलाच लागून असतं. मी विचारलं, एक वाक्य लिहू का, नाहीतर वाचणाऱ्याला कळणार नाही. एक चालेल म्हणाली. तर हे ते वाक्य: तिची अडीच वर्षांची थोरली मुलगी एका सकाळी, ती चुलीपाशी भाताची पेज काढत असताना, तळ्यात गेली.

आता बाकीचं, जे आमचं आहे.

मी डमडमची. बाबा बँकेत होते, बदलीवर कोलकात्याला आले आणि इथेच निवृत्त झाले. घरात मराठी, शाळेत आणि रस्त्यावर बंगाली, तीही बोलायला लागले की समोरचा "तुमी कोथाकार?" विचारतो अशी. तुम्ही कुठच्या? कॉलेजात मी पत्रकं लिहायचे. मेसच्या जेवणापासून उशिरा लागलेल्या निकालापर्यंत कशावरही. त्यामुळे अन्याय मला लांबून ओळखू येतो असा माझा समज होता. कसलं काय! चटईवर समोर बसला होता, मी त्याची हस्ताक्षर सुधारून नोंद घेत होते.

मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर मी इथल्या एका संस्थेत दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेतला. खेड्यात जाऊन लोकांच्या मनाच्या दुखण्यांवर काम करणारे लोक तयार करायचे, हा त्याचा हेतू. हेतूबद्दल माझं भांडण नाही. भांडण आहे निळ्या वहीशी. प्रत्येक विद्यार्थ्याला एक निळी वही मिळते. तिच्यात बारा हिस्टऱ्या भरायच्या. हिस्टरी म्हणजे पहिल्या भेटीत माणसाची अथपासून इतिपर्यंत घेतलेली हकिगत: त्रास काय, कधीपासून, घरात कोण, झोप, भूक, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का. प्रत्येक हिस्टरीखाली आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमची सही. बारा सह्या झाल्या की तुम्ही परीक्षेला बसू शकता. दुसऱ्या भेटीला वहीत रकाना नाही. छापलेलाच नाही. तुम्ही एका माणसाकडे दहा वेळा गेलात तर सही एक, आणि दहा माणसांकडे एकेकदा गेलात तर सह्या दहा. मग विद्यार्थी काय करतील, सांगा.

आणि परीक्षा झाली की वही विभागातल्या लोखंडी कपाटात बंद. गावातल्या केंद्रावर प्रत ठेवायची नाही, कारण गोपनीयता. कुणी वाचू नये म्हणून एवढा कडक बंदोबस्त, की जिने वाचायलाच हवं ती पुढच्या वर्षाची मुलगीही वाचू शकत नाही. ती कोरी वही घेऊन येते आणि त्याच बाईला नव्याने विचारते.

त्या सकाळी ती बाई चटई अंथरून तयार होती. तिशीची, बारीक, केस घट्ट बांधलेले. "या बाजूला बसा," म्हणाली, "तिकडे ऊन येतं. तुमच्या आधीच्या दिदिमणींना चक्कर आली होती." इथेच माझे कान टवकारायला हवे होते. मी वहीत लिहिलं: सहकार्य उत्तम.

ती बोलायला लागली. वाक्य संपलं की थांबायची, माझं पेन थांबेपर्यंत. मग पुढचं.

"झालं लिहून?"

"हो, बोला."

"आता तुम्ही झोपेचं विचाराल."

"हो... झोप कशी लागते?"

"तीन तास. मग जाग येते. जेवण बरं आहे. मरावंसं वाटत नाही. कानात कुणाचे आवाज येत नाहीत. घरात आधी कुणाला वेड नव्हतं." बोटांवर मोजत तिने माझे चार प्रश्न मी विचारायच्या आत संपवले.

मला आनंद झाला. लिहिताना लाज वाटते, पण झाला. पाऊण तासात पूर्ण हकिगत, क्रमवार, एक खाडाखोड नाही. आतल्या अंधाऱ्या खोलीतून मधूनच घंटीचा बारीक आवाज येत होता. 'घरची परिस्थिती' या रकान्यात मी लिहिलं: विटांची अर्धी भिंत, पत्र्याचं छप्पर, नवरा केरळात बांधकामावर, आत बहुधा बकरी.

उठले तेव्हा तिने विचारलं, "परत येणार?"

"म्हणजे काय, पुढच्या मंगळवारी येते ना!"

ती किंचित हसली, "हं" म्हणाली आणि चटई गुंडाळायला लागली.

परतीच्या गाडीत मी वर्गातल्या एकीला वही दाखवली. तिने पहिल्या चार ओळी वाचल्या आणि खिदळली. "अगं, तुला पण पुकुरवाली मिळाली?"

"कोण?"

"हीच. मला पहिल्या सत्रात मिळाली होती. भारी बोलते ना? शुद्धलेखन घातल्यासारखी! मॅडम मुद्दाम देतात. ज्यांची हिस्टरी कच्ची त्यांना."

"माझी हिस्टरी कच्ची आहे?"

"हिस्टरी ठीक आहे गं, तुझी बंगाली कच्ची आहे."

हसलो आम्ही. मीही हसले. झालमुडीचा, म्हणजे तिखट चुरमुऱ्यांचा, कागदी कोन दोघींत फिरत होता आणि एका बाईच्या मेलेल्या मुलीला आम्ही टोपणनाव ठेवलं होतं. सोमवारी वर्गात मॅडम म्हणाल्या, "बघा, माहिती देणारा चांगला असला की हिस्टरी कशी उतरते." सही झाली. आठवी.

पुढच्या मंगळवारी मला दुसऱ्या पाड्यावर पाठवलं. नवी हिस्टरी. मी गेले.

ही गोष्ट मी घरी सहज सांगितली, भाजी निवडताना. आईला माझ्या शिक्षणातलं फारसं कळत नाही असं मी धरून चालायचे.

"मग दुसऱ्या वेळी काय म्हणाली ती?" आईने विचारलं.

"दुसऱ्या वेळी गेलेच नाही. नवीन केस होती."

"आणि येते म्हणून सांगून आली होतीस?"

"तसं म्हणायचंच असतं. बोलणं नीट संपवायला शिकवतात."

आई पालकाची जुडी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "आपल्यात दुखवट्याच्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत. गप्प उठून निघायचं. पण जवळची बाई असेल ना, तर ती न सांगता दुसऱ्या दिवशी येते, तिसऱ्या दिवशी येते, पिठलं-भात घेऊन येते. तुमचं उलटंच दिसतंय. 'येते' म्हणायचं आणि यायचं नाही. दोन वर्षं लागतात होय गं हे शिकायला?"

मी चिडले. तुला काय कळतं, ही पद्धत आहे, वगैरे बोलले.

तिसऱ्या मंगळवारी नेमलेल्या पाड्यावर न जाता मी सरळ तिच्याकडे गेले. लवकर, साडेनऊला. तिने मला पाहिलं, लगबगीने चटई आणली, अंथरली, मांडी घालून बसली आणि म्हणाली, "तर त्या दिवशी सकाळी..."

"नका सांगू," मी म्हटलं. "मला माहीत आहे. मी आधी येऊन गेलेय."

ती गोंधळली. खरंच गोंधळली, पाठ केलेली कविता मधेच थांबवल्यावर मूल गोंधळतं तशी. माझ्या हातांकडे बघितलं. वही नव्हती.

"मग कशाला आलात?"

"येते म्हटलं होतं म्हणून."

तिने मनाशी मोजलं आणि म्हणाली, तुम्ही सातव्या, पण परत आलेल्या पहिल्याच. मग मी विचारलं, इतक्या जणींना तुम्ही का सांगत राहिलात? नाही म्हणायचं. तर म्हणाली, "आरोग्यदिदी म्हणाली होती, या मुलींच्या परीक्षेला लागतं. तुम्ही पण कुणाच्या लेकीच. नाही कसं म्हणू? म्हणून नीट सांगते, सगळं लिहिता येईल असं." म्हणजे आम्ही तिला मदत करायला जात होतो, आणि ती बाई दर वेळी स्वतःच्या लेकीला पुन्हा तळ्यातून काढून आमची परीक्षा पास करून देत होती.

आत घंटी वाजली.

"बकरी का?" मी विचारलं.

तिने मान खाली घातली. मग उठली आणि मला आत ने‌लं.

खाटेच्या पायाला जुन्या साडीची पट्टी बांधलेली होती. दुसरं टोक एका मुलीच्या कमरेला. चार वर्षांची, धाकटी. कमरेच्या करगोट्याला पितळी घंटी. समोर पत्र्याच्या डब्याची झाकणं मांडून ती दुकान-दुकान खेळत होती. पट्टी जेवढी लांब तेवढंच तिचं दुकान. मला बघून तिने एक झाकण पुढे केलं, "घ्या, दोन रुपये."

"नऊ ते बारा," तिची आई म्हणाली. "स्वयंपाक होईपर्यंत. दुपारी मी जवळ असते तेव्हा सोडते. रोज ठरवते, आज नाही बांधायचं. आणि चूल पेटवली की हात आपोआप गाठ मारतात. अंगणवाडीत घालायचं होतं तिला. तळ्याच्या काठाने जावं लागतं. माझे पाय वळत नाहीत." मग म्हणाली, "कुणीतरी सोबत असलं असतं तर सोडलं असतं. एकटीला सोडवत नाही. हे मला सांगायचं होतं. पण तुम्हा सगळ्यांचा वेळ थोरलीपाशीच संपतो."

सात जणी. सातही वेळा नऊ ते बाराच्या मधे. सात वेळा ती घंटी वाजली असणार. आम्ही मनाचे तज्ज्ञ होणार होतो.

मी मॅडमकडे गेले. मॅडम दुष्ट बाई नाहीत, हे आधी सांगते, म्हणजे राग सोपा होणार नाही. थकलेल्या असतात, तीन वर्ग एकट्या सांभाळतात.

"तू भावनिकदृष्ट्या गुंतलीस," त्या म्हणाल्या.

"मॅडम, मूल खाटेला बांधलेलं आहे."

"मग बालसंरक्षणवाल्यांना पत्र लिहू."

"ते येऊन आईवरच केस करतील. पत्र नको. कुणीतरी दर मंगळवारी नऊला तिथे जायला हवं, गाठ सोडताना सोबत बसायला. बाकी काही मागत नाही ती."

"तुझ्या किती राहिल्यात?"

"तीन."

"आधी त्या पूर्ण कर."

मी घरी गेले आणि मला येतं ते केलं. एका पानाचं पत्रक लिहिलं. सात वह्या, एक बाई, एकही दुसरी भेट नाही. मागणी, वहीत दुसऱ्या भेटीचा रकाना छापा आणि जुन्या वह्या नव्या विद्यार्थ्याला वाचू द्या. झेरॉक्स काढून कॅन्टीनच्या प्रत्येक टेबलावर ठेवलं. दुपारपर्यंत एकही उरलं नव्हतं. मला वरच्या मजल्यावर बोलावणं आलं. संस्थेची बदनामी, संचालक म्हणाले.

"मी कुणाचंही नाव लिहिलेलं नाही."

"म्हणूनच सगळ्यांना कळलं!"

या वाक्यावर मी आजही विचार करते.

वह्या मात्र पाहायला मिळाल्या. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते कारकून दादा पत्रक वाचून स्वतःच म्हणाले, "इतक्या वर्षांत ही किल्ली कुणी मागितली नाही गं. लोक वही ठेवायला येतात, काढायला कुणी येत नाही. मॅडमची सही आण." मॅडमनी सही केली. का, ते त्यांनी सांगितलं नाही. चिठ्ठी माझ्या हातात देताना वर बघितलं नाही, एवढं आठवतं.

जेवणाच्या सुट्टीत फरशीवर बसून मी आधीच्या सहा नोंदी वाचल्या, पाच कपाटातल्या आणि एक गाडीतल्या त्या वर्गमैत्रिणीकडून मागून आणलेली. सहा हस्ताक्षरं, एकच मजकूर. तोच वार, तीच पेज, तीच झोप तीन तास. शब्दसुद्धा तेच, कारण ते तिचे होते, घासून घासून गुळगुळीत झालेले. तिघींनी घंटी ऐकली होती. एकीने लिहिलं होतं, घरात जनावर. दुसरीनेही तेच. तिसरीने लिहिलं होतं, जवळपास देऊळ असावे. आणि सहाच्या सहा नोंदींची शेवटची ओळ: पाठपुरावा, पुढील मंगळवार. सातवी ओळ माझ्या अक्षरात होती.

मी मंगळवार सुरू केले. नऊला पोचायचं तर डमडमहून पहाटेच निघावं लागतं. सियालदहला गाडीतून उतरणाऱ्या बायकांचा लोंढा समोरून येत असतो, शहरातली घरं आवरायला निघालेला. त्यांच्या मागे राहिलेल्या पोरांना कोण बांधतं आणि कोण सोडतं, हे मी पूर्वी कधी मनात आणलं नव्हतं. आता प्रत्येक चेहऱ्याकडे बघून तेच मनात येतं.

पहिल्या मंगळवारी गाठ सुटलीच नाही. तिची नखं गाठीत रुतून राहिली होती. मी सोडवायला हात पुढे केला तर म्हणाली, "तुम्ही नको. तुम्ही सोडलीत तर तुम्ही गेल्यावर मी परत बांधीन." दोन वर्षं ज्याला उपचार म्हणून शिकवलं ते तिने एका वाक्यात सांगितलं. पुढच्या मंगळवारी सुटली. मुलगी ओसरीच्या कडेपर्यंत गेली, आई आत पेज काढत होती आणि मी दोघींच्या मधे बसून दोन रुपयांची झाकणं विकत घेत होते. त्यानंतर शेजारच्या घरापर्यंत. मग एक दिवस तळ्याच्या काठाने अंगणवाडीपर्यंत, मुलगी मधे, तिचा एक हात आईच्या हातात, एक माझ्या. आईने पाण्याकडे एकदाही पाहिलं नाही. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "घंटी काढा हो, बाकीच्या पोरांचं लक्ष जातं."

"जाऊ दे लक्ष," ती म्हणाली आणि दाराबाहेर भिंतीला टेकून बसली. खिचडी वाटून होईपर्यंत उठली नाही.

या मंगळवारांची वहीत नोंद नाही. माझ्या हिस्टऱ्या नऊवरच राहिल्या, मला परीक्षेला बसू दिलं नाही, सहा महिने मागे पडले. त्याचं रडगाणं गात नाही. नंतर भरल्या बाकीच्या तीन, पास झाले, नोकरी लागली. आणि इथे मीही त्याच रांगेत जाऊन बसले. नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात आहे. महिन्यातून एखादा मंगळवार जमतो. या पावसाळ्यात तळं पायरीपर्यंत भरलं तेव्हा मी तीन आठवडे गेले नव्हते. चौथ्या आठवड्यात गेले तर खाटेच्या पायाला पट्टी होती. "पाणी वर आलं ना," ती म्हणाली, जणू माफी मागत होती. माझी!

मॅडमना मी पुन्हा लिहिलं. रकाना अजून छापलेला नाही. 'विचाराधीन' आहे.

आणि मागच्या आठवड्यात मला पुण्याहून आलेल्या एका नव्या विद्यार्थिनीचा फोन आला. कोलकात्यात मराठी बोलणारं कुणी सापडलं म्हणून खूश होती. "ताई, तुम्ही याच कोर्सच्या ना? एक विचारायचं होतं. मला बंगाली अजून जमत नाही, तर सगळे म्हणतात, तिकडे एक बाई आहे, फार छान सांगते, तिचीच पहिली हिस्टरी घे. तुम्हाला माहितीये का ती?"

मी तिला सगळं सांगितलं, जे वर लिहिलं तेच. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "पण ताई, दुसऱ्या भेटीला सही मिळत नाही ना?"

नाही मिळत. अजून तरी नाही.

म्हणून हे तिला आणि तुम्हाला. तुम्ही शिकत असाल, शिकवत असाल, तुमची मुलगी असा कोर्स करत असेल, तुम्ही असल्या संस्थेला देणगी देत असाल, कुणीही असा. कुणाच्याही दुःखासमोर कोरी वही उघडण्याआधी विचारा: माझ्या आधी इथे कोण येऊन गेलं? त्याचं कपाट कुठे आहे? किल्ली मागा. चिठ्ठी लागेल म्हणतील, चिठ्ठी आणा. नियम नाही म्हणतील, तिथेच बसून राहा. आणि ज्या घरी 'येते' म्हणालात तिथे पुढच्या मंगळवारी नऊच्या आत जा. वही नेऊ नका. दोन रुपये न्या, आत दुकान मांडलेलं आहे.